अमेरिकेतला कॉलेज बास्केटबॉलचा प्रशिक्षक येतो कुठून?

जून २०२४ मध्ये अमेरिकेतल्या क्रीडापानांवर एक बातमी गाजली. लॉस एंजेलिस लेकर्स या नामांकित व्यावसायिक संघानं डॅन हर्ली यांना मुख्य प्रशिक्षकपद देऊ केलं आणि त्यांनी ते नाकारलं. हर्ली होते कनेटिकट विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक. २०२३ आणि २०२४ असं लागोपाठ दोन वर्षं त्यांच्या संघानं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं. महिनाभरात विद्यापीठानं त्यांच्याशी सहा वर्षांचा, ५ कोटी डॉलरचा करार केला. म्हणजे वर्षाला साधारण ७० कोटी रुपये. आणि हे विद्यापीठ सरकारी आहे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सरकारी तिजोरीशी जोडलेल्या नोकरांमध्ये सगळ्यांत जास्त पगार राज्यपालाला किंवा कुलगुरूला मिळत नाही. तो मिळतो फुटबॉलच्या नाहीतर बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाला.

मुलं तिकडे शिकायला गेलेल्या आपल्याकडच्या पालकांना हे ऐकून हटकून प्रश्न पडतो: कॉलेजच्या संघाला खेळ शिकवणाऱ्याला एवढे पैसे का? त्याचं उत्तर पुढे येईलच. पण त्याआधीचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ही माणसं येतात कुठून? या पेशाची ना प्रवेश परीक्षा असते, ना सक्तीचा परवाना. मग हर्ली इथवर पोचले कसे, आणि त्यांच्याइतकीच हुशार असलेली कोणकोण माणसं दाराबाहेरच राहिली?

आधी व्यवस्था समजून घेऊ

अमेरिकेतले बहुतेक कॉलेज-खेळ एनसीएए नावाची संघटना चालवते. सुमारे १,१०० कॉलेजं तिची सदस्य आहेत आणि ती तीन विभागांत वाटलेली आहेत. पहिल्या विभागात साडेतीनशेहून जास्त कॉलेजं आहेत. खेळाडूंना शिष्यवृत्ती, दूरचित्रवाणी, भरलेली प्रेक्षागृहं हे सगळं मुख्यतः इथलं. तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायला बंदी आहे. तिथला प्रशिक्षक बऱ्याचदा वर्गात शिकवतो, नाहीतर कॉलेजचं आणखी एखादं काम सांभाळतो. कोट्यवधीच्या बातम्या येतात त्या पहिल्या विभागातल्या मूठभर कॉलेजांच्या. बाकीचे शेकडो प्रशिक्षक मध्यमवर्गीय नोकरदार आहेत, हे मनात ठेवूनच पुढचं वाचावं.

दरवर्षी मार्चमध्ये पहिल्या विभागातले ६८ संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरतात. एक सामना हरला की संघ घरी. एप्रिलच्या सुरुवातीला विजेता ठरतो आणि त्याच सुमाराला प्रशिक्षकांच्या हकालपट्ट्या, राजीनामे आणि पळवापळवी सुरू होते.

सुरुवात झाली वर्गातून

हा खेळ जन्मला डिसेंबर १८९१ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत. हिवाळ्यात बाहेर खेळता येत नाही म्हणून कंटाळलेल्या विद्यार्थ्यांसाठी जेम्स नेस्मिथ या शिक्षकानं तो तयार केला. नेस्मिथ १८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात आले ते शारीरिक शिक्षण शिकवायला आणि प्रार्थनागृहाची जबाबदारी घ्यायला. संघ सांभाळणं हे वरचं काम. त्यांच्या हाताखाली कॅन्ससनं ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. त्या विद्यापीठाच्या पुरुष संघाच्या प्रशिक्षकांमध्ये जिंकण्यापेक्षा हरलेले सामने जास्त असलेला एकच माणूस आहे, आणि तो म्हणजे खेळाचा जनक! हा खेळ खेळायचा असतो, त्यात शिकवण्यासारखं काही नसतं, असं त्यांनी फॉग ॲलन या आपल्या शिष्याला सांगितल्याची गोष्ट कॅन्ससमध्ये सांगतात.

ॲलननी ऐकलं नाही. प्रशिक्षण हा स्वतंत्र पेशा होऊ शकतो हे दाखवून देणाऱ्या पहिल्या मोठ्या माणसांत त्यांचं नाव येतं. तरी पुढची कित्येक दशकं या पेशात येणारा माणूस बहुधा शाळामास्तरच असे. सगळ्यांत मोठं उदाहरण जॉन वुडन यांचं. इंडियाना राज्यात वाढलेले वुडन स्वतः अव्वल खेळाडू होते, पण खेळ संपल्यावर ते माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवायला लागले आणि शाळेचा संघही सांभाळू लागले. युद्धकाळात नौदल, मग दोन वर्षं एक छोटं कॉलेज, आणि १९४८ मध्ये लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे यूसीएलए.

त्यांची शिकवण्याची पद्धत मास्तरकीचीच होती. देशभरातून निवडून आलेले खेळाडू पहिल्या दिवशी जमले की वुडन त्यांना मोजे कसे घालायचे ते दाखवायचे. टाचेपाशी आणि करंगळीपाशी सुरकुती राहता कामा नये, हात फिरवून बघायचं, मग बुटाची नाडी प्रत्येक भोकातून ताणून बांधायची. कारण साधं: सुरकुतीनं फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. अशा माणसानं १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, त्यातली सात लागोपाठ. पहिलं विजेतेपद यूसीएलएमधल्या सोळाव्या हंगामात आलं. आज पहिल्या विभागातलं कुठलंही मोठं कॉलेज कुणासाठी सोळा हंगाम थांबेल असं मला वाटत नाही.

एका गुरूकडून दुसऱ्याकडे

आपल्याला हा पेशा समजायला गाण्यातली घराणी आठवावीत. अल्लादिया खाँसाहेबांकडून मोगूबाई कुर्डीकर शिकल्या, मोगूबाईंकडून किशोरीताई. गायकीवर कुणाची छाप आहे हे जाणकाराला दोन मिनिटांत कळतं. बास्केटबॉलमध्येही अगदी तसंच आहे.

नेस्मिथ यांच्याकडून ॲलन. ॲलन यांच्या कॅन्सस संघात खेळून गेलेले दोघं म्हणजे केंटकीत चार दशकं राज्य करणारे ॲडॉल्फ रप आणि नॉर्थ कॅरोलायनात १९६१ ते १९९७ अशी ३६ वर्षं प्रशिक्षक राहिलेले डीन स्मिथ. स्मिथ यांच्या संघात खेळले लॅरी ब्राउन आणि त्यांच्या हाताखाली सहायक म्हणून शिकले रॉय विल्यम्स. ब्राउन यांनी १९८८ मध्ये कॅन्ससला विजेतेपद मिळवून दिलं आणि ते व्यावसायिक संघाकडे गेले. कॅन्ससनं त्यांच्या जागी आणलं रॉय विल्यम्सना. तोवर विल्यम्स कुठल्याही कॉलेजचे मुख्य प्रशिक्षक झालेले नव्हते. पण शब्द डीन स्मिथ यांचा होता.

बिल सेल्फ यांची गोष्टही अशीच. एका उन्हाळ्यात ओक्लाहोमा स्टेटचा हा खेळाडू कॅन्ससच्या शिबिरात काम करायला आला होता आणि तिथे त्याचा गुडघा दुखावला. काही हवं असेल तर सांग, असं लॅरी ब्राउन यांनी म्हटल्यावर त्यानं पुढच्या वर्षी मदतनीस म्हणून घ्या, अशी मागणी केली. तोच सेल्फ २००३ मध्ये कॅन्ससचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि त्यानं २००८ व २०२२ ची विजेतेपदं आणली.

काही जण घराण्यात जन्मालाच येतात. डॅन हर्ली यांचे वडील बॉब हर्ली जर्सी सिटीतल्या शाळेच्या संघाचे नावाजलेले प्रशिक्षक. व्हर्जिनियाला २०१९ चं विजेतेपद मिळवून देणाऱ्या टोनी बेनेट यांचे वडील डिक बेनेट विस्कॉन्सिनचे प्रशिक्षक. डीन स्मिथ यांचे वडीलही कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावात शाळेचा संघ सांभाळायचे.

उमेदवारीची वर्षं

पायऱ्या साधारण अशा असतात. कॉलेजात खेळून झालं की पदव्युत्तर शिक्षण घेता घेता संघात मदतनीस म्हणून लागायचं. फी माफ, वर थोडं विद्यावेतन. मग व्हिडिओ कापून देणं, प्रवास आणि हॉटेलं बघणं अशी कार्यालयीन कामं. त्यानंतर सहायक प्रशिक्षक. पुढे एखाद्या छोट्या कॉलेजात मुख्य प्रशिक्षक, तिथे जिंकलं तर मोठं कॉलेज. सेल्फ यांचा रस्ता बघा: ओरल रॉबर्ट्स, टल्सा, इलिनॉय, मग कॅन्सस. हर्ली यांचा बघा: न्यूअर्कमधली शाळा, वॅग्नर नावाचं छोटं कॉलेज, ऱ्होड आयलंड, मग कनेटिकट.

सहायकाचं मोठं काम म्हणजे खेळाडू मिळवणं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचे उन्हाळी सामने बघायला गावोगाव फिरायचं, त्यांच्या घरी जायचं, आईवडिलांशी बोलायचं. चांगला खेळाडू आणणाऱ्या सहायकाला बढती मिळते, आणि याच दबावातून घाणही तयार होते. सप्टेंबर २०१७ मध्ये एफबीआयनं लाचखोरीच्या प्रकरणात दहा जणांना अटक केली, त्यांत चार मोठ्या कॉलेजांचे सहायक प्रशिक्षक होते.

या पायऱ्यांवर पैसा किती? रॉय विल्यम्स यांचंच उदाहरण घेऊ. ते नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागातल्या एका शाळेत पाच वर्षं शिकवत आणि संघ सांभाळत होते. नोकरी चांगली, लग्न झालेलं, घरात लहान मूल. १९७८ मध्ये डीन स्मिथ यांनी अर्धवेळ सहायक म्हणून बोलावलं. पगार वर्षाला २,७०० डॉलर. घर चालावं म्हणून विल्यम्स संघाची कॅलेंडरं गाडीत घालून गावोगाव दुकानदारांना विकायचे. रविवारी पहाटे स्मिथ यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या टेपा घेऊन निघायचे, ग्रीन्सबरो आणि ॲशव्हिलच्या केंद्रांवर पोचवायचे आणि शेकडो मैल गाडी हाकून परत यायचे. अशी काही वर्षं काढलेल्या या माणसानं पुढे नॉर्थ कॅरोलायनाला तीन विजेतेपदं दिली.

गोष्ट प्रेरक आहे, हे खरं. पण मी ती वेगळ्या कारणासाठी सांगतोय. ही वर्षं ज्याला परवडतात तोच पुढे जातो. ज्याच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज आहे, ज्याला घरी पैसे पाठवायचे आहेत, तो कितीही जाणकार असला तरी दुसऱ्या पायरीवरच नाद सोडतो.

एनसीएएनं तर ही गरिबी नियमात लिहून ठेवली होती. १९९२-९३ पासून पहिल्या विभागातल्या प्रत्येक बास्केटबॉल संघात एका सहायकाला वर्षाला जास्तीत जास्त १६,००० डॉलर मिळतील अशी मर्यादा घातली गेली, त्यातले ४,००० उन्हाळ्याच्या महिन्यांचे. पदाचं अधिकृत नावच ‘मर्यादित कमाईचा प्रशिक्षक’. कारण सांगितलं गेलं की नवख्यांना संधी मिळावी. प्रत्यक्षात त्या पदांवर अनुभवी माणसंही होती. त्यांनी मिळून दावा लावला, १९९८ मध्ये अपील न्यायालयानं ही मर्यादा स्पर्धाविरोधी कायद्याचा भंग ठरवली आणि १९९९ मध्ये एनसीएएनं ५ कोटी ४५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं.

कधीकधी उलट दिशेनंही माणसं येतात. ब्रॅड स्टीव्हन्स हे डीपॉ नावाच्या तिसऱ्या विभागातल्या कॉलेजात खेळलेले, एलाय लिली या औषध कंपनीत चांगल्या नोकरीत होते. २००० मध्ये ती सोडून ते इंडियानापोलिसच्या बटलर विद्यापीठात विनावेतन मदतीला लागले. सात वर्षांनी, वयाच्या तिशीत, मुख्य प्रशिक्षक झाले; २०१० आणि २०११ मध्ये त्या लहानशा विद्यापीठाला सलग दोनदा अंतिम सामन्यात घेऊन गेले; २०१३ मध्ये बोस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघानं त्यांना उचललं.

मोठा खेळाडूच मोठा प्रशिक्षक होतो ना?

असं वाटणं साहजिक आहे, पण पुरावा डळमळीत आहे. वुडन उत्तम खेळाडू होते. डॉन स्टेली तर खेळाडू म्हणून तीनदा ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकल्या आणि साउथ कॅरोलायनाच्या महिला संघाच्या प्रशिक्षक म्हणून २०१७, २०२२ आणि २०२४ ची विजेतेपदंही. पण डीन स्मिथ ॲलन यांच्या संघात राखीव होते. रॉय विल्यम्स विद्यापीठाच्या मुख्य संघात कधी खेळलेच नाहीत. ते बाकावर बसून आकडे टिपायचे आणि सराव बघत वह्या भरायचे. जॉर्जटाउननं आपला सगळ्यांत मोठा खेळाडू पॅट्रिक ईविंग यांना २०१७ मध्ये प्रशिक्षक केलं आणि सहा हंगामांनंतर काढून टाकलं. अंगभूत देणगी असलेल्याला आपण काय करतो हे उलगडून सांगता येतंच असं नाही. बाकावर बसलेल्याला मात्र बघण्याखेरीज दुसरं काम नसतं.

दाराबाहेर राहिलेले

आता घराण्याची दुसरी बाजू. शिफारशीवर चालणाऱ्या पेशात शिफारस कुणाची होते?

१९३३ मध्ये जॉन मॅक्लेंडन नावाचा कृष्णवर्णीय तरुण कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकायला आला. त्याचे सल्लागार होते खुद्द नेस्मिथ, तेव्हा सत्तरी ओलांडलेले. खेळाच्या जनकाकडून थेट शिकलेला विद्यार्थी. पण कॅन्ससच्या संघात कृष्णवर्णीयांना जागा नव्हती, म्हणून तो तिथे एकही सामना खेळू शकला नाही. पदवी घेऊन मॅक्लेंडन डरहॅममधल्या कृष्णवर्णीयांसाठीच्या नॉर्थ कॅरोलायना कॉलेजात गेले. चेंडू हातात येताच समोरच्या संघाला सावरायला वेळ न देता धावत सुटायचं, या वेगवान खेळाच्या जनकांमध्ये त्यांना गणतात.

मार्च १९४४ मधल्या एका रविवारी सकाळी, गाव चर्चमध्ये असताना, त्यांच्या संघानं ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतल्या गोऱ्या खेळाडूंशी कुलूप लावलेल्या व्यायामशाळेत सामना खेळला. असा सामना त्या राज्यात बेकायदा होता. मॅक्लेंडन यांचा संघ ८८-४४ असा जिंकला. नंतर दोन्हीकडच्या खेळाडूंनी संघ मिसळून आणखी एक सामना खेळला. बातमी कित्येक दशकं बाहेर आली नाही.

मॅक्लेंडन यांनी १९५७ ते १९५९ अशी लागोपाठ तीन वर्षं, छोट्या कॉलेजांच्या एनएआयए या वेगळ्या संघटनेची राष्ट्रीय विजेतेपदं टेनेसीच्या एका कृष्णवर्णीय कॉलेजाला मिळवून दिली. एवढं होऊनही प्रामुख्यानं गोऱ्या असलेल्या विद्यापीठानं त्यांना मुख्य प्रशिक्षक केलं ते १९६६ मध्ये, क्लीव्हलँड स्टेटनं. अशी नेमणूक मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय. रप यांच्या केंटकी संघात तर पहिला कृष्णवर्णीय खेळाडू १९७०-७१ मध्ये उतरला. घराणं एकच, पण रप यांना मिळालेलं मैदान आणि मॅक्लेंडन यांना मिळालेलं मैदान यांत जमीन-अस्मानाचा फरक होता, आणि तो गुणवत्तेनं पडलेला नव्हता.

पहिल्या विभागाचं पुरुषांचं विजेतेपद मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक म्हणजे जॉर्जटाउनचे जॉन थॉम्पसन, १९८४ मध्ये. तेही शाळेतून आलेले. त्यांच्या टेबलावर हवा काढलेला बास्केटबॉल असायचा: फक्त चेंडूवर भरवसा ठेवलात तर हवा गेल्यावर हातात काय उरेल, हे खेळाडूंना दिसत राहावं म्हणून. अभ्यास बघायला त्यांनी मेरी फेनलन या पूर्वी जोगीण असलेल्या शिक्षिकेला नेमलं आणि तिला सामन्यात संघाच्या बाकावर बसवलं. पुढच्या तीस वर्षांत थॉम्पसन यांच्या पंगतीत आणखी तिघेच आले: १९९४, १९९८ आणि २०१४ मध्ये. मैदानावर कृष्णवर्णीय खेळाडू निम्म्याच्या आसपास असतात; मुख्य प्रशिक्षकांत हे प्रमाण आजही बरंच कमी आहे.

स्त्रियांची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. १९७२ मध्ये, शिक्षणसंस्थांत लिंगभेद करता येणार नाही असा टायटल नाइन हा कायदा आला आणि मुलींच्या संघांना पैसा, जागा मिळू लागली. पॅट समिट १९७४ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, टेनेसीच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या तेव्हा पगार महिन्याला २५० डॉलर होता. गणवेश त्या स्वतः धुवायच्या, संघाची गाडीही स्वतः चालवायच्या. २०१२ मध्ये थांबल्या तेव्हा खाती १,०९८ विजय आणि आठ विजेतेपदं होती. मात्र पगार वाढले तसे पुरुष या नोकऱ्यांकडे वळले. १९७२ च्या सुमाराला कॉलेजांतल्या महिला संघांपैकी, सगळे खेळ धरून, ९० टक्क्यांहून जास्त संघांना स्त्री प्रशिक्षक होत्या. पुढे हा आकडा निम्म्याखाली आला. बास्केटबॉलमध्ये परिस्थिती त्यापेक्षा बरी आहे. उलट दिशेचं दार मात्र किलकिलंच राहिलं: १९९० मध्ये केंटकीनं पुरुष संघासाठी बर्नाडेट मॅटॉक्स यांना सहायक नेमलं, त्यानंतर अशी नावं बोटांवर मोजण्याइतकीच. पुढे स्टॅनफर्डच्या महिला संघाच्या प्रशिक्षक झालेल्या टॅरा व्हॅनडर्व्हीर विद्यार्थिनी असताना इंडियाना विद्यापीठाच्या पुरुष संघाचे प्रशिक्षक बॉब नाइट यांचे सराव बघत बसायच्या. नाइट ९०२ सामने जिंकून थांबले, त्या १,२१६.

मग एवढा पगार का?

कारण खेळाडूंना पैसे द्यायला बंदी होती. २०१० मध्ये मार्चच्या स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क चौदा वर्षांसाठी १,०८० कोटी डॉलरना विकले गेले. एवढा पैसा आला, पण ज्यांच्या खेळावर तो आला त्यांना शिष्यवृत्तीपलीकडे काही देता येत नव्हतं. कॉलेजांना एकमेकांशी स्पर्धा करायला मग इमारती आणि प्रशिक्षक एवढंच उरलं. ‘चांगला प्रशिक्षक दुर्मिळ असतो, म्हणून महाग’ हे अर्धंच उत्तर आहे. वुडनही दुर्मिळ होते. त्यांचा पगार कधी वर्षाला ३५,००० डॉलरच्या वर गेला नाही.

करारात काढून टाकल्याची भरपाईही लिहिलेली असते. २०२४ च्या वसंतात केंटकीनं जॉन कॅलिपारी यांना काढलं असतं तर सुमारे ३ कोटी ३० लाख डॉलर द्यावे लागले असते. ते स्वतःहून आर्कान्साला गेले आणि केंटकी सुटलं.

आता काय बदलतंय

१ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातींतून कमाई करायची मुभा मिळाली. त्याच वर्षी कॉलेज बदलल्यावर एक हंगाम बाहेर बसण्याची सक्ती बहुतेकांपुरती संपली. बदलू इच्छिणारे खेळाडू ज्या यादीत नाव टाकतात तिला ट्रान्सफर पोर्टल म्हणतात. जुलै २०२५ पासून तर कॉलेजं थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी सगळे खेळ मिळून कमाल २ कोटी ५ लाख डॉलर प्रति कॉलेज.

खेळाडूंच्या बाजूनं हे न्याय्यच आहे, आणि फार उशिरा झालं. पण प्रशिक्षकाचं काम मुळापासून बदललं. पूर्वी अठरा वर्षांचा मुलगा चार वर्षं हाताखाली असायचा. आता दर वसंतात निम्मा संघ नव्यानं जमवावा लागू शकतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये, हंगाम तोंडावर आलेला असताना, टोनी बेनेट यांनी व्हर्जिनियाचा राजीनामा दिला. या नव्या वातावरणात संघ चालवायला आपण योग्य माणूस उरलो नाही, असं त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. ड्यूकनं २०२२ मध्येच पुरुष संघासाठी रेचल बेकर यांना महाव्यवस्थापक नेमलं आणि नंतर बऱ्याच कॉलेजांनी तसंच केलं. करार, पैसा, खेळाडूंची जुळवाजुळव हे सगळं हळूहळू तिकडे सरकतंय.

या वाटेला कुणी जावं का?

भारतीय वंशाची मुलंही आता संघांच्या व्हिडिओ आणि आकडेवारीच्या खोल्यांत दिसू लागली आहेत, तेव्हा हा प्रश्न आपल्याही घरात येऊ शकतो. जुलै २०२३ पासून पहिल्या विभागातल्या पुरुष संघांना तीन सहायकांखेरीज आणखी दोन प्रशिक्षक ठेवायची परवानगी आहे. त्यामुळे याआधी फक्त व्हिडिओ कापणाऱ्या, हॉटेलं ठरवणाऱ्या कित्येकांना पहिल्यांदाच मैदानावर उभं राहून शिकवता येऊ लागलं. या दोघांना किती पगार द्यायचा हे मात्र ज्या त्या कॉलेजवर सोडलेलं आहे. म्हणून पहिली ऑफर आली की कॉलेजचं नाव बघण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: पगार किती, आरोग्य विमा आहे का, आणि खेळाडूंना शिकवायला मिळणार की नाही.